शिडी कापली आणि टाकी विसरली: डासांच्या एका नोटिशीचं प्रकरण

तळमजला अधिक सात मजले, २८ सदनिका, मुंबईच्या उपनगरातली सहकारी गृहनिर्माण संस्था. गच्चीवर चार टाक्या: पिण्याच्या पाण्याच्या दोन, फ्लशिंगची एक आणि अग्निशमनासाठी राखलेली १०,००० लिटरची एक. जुलैत शेजारच्या चाळीत डेंग्यूचे दोन रुग्ण सापडले आणि महापालिकेच्या कीटकनाशक विभागाचं पथक आजूबाजूच्या इमारती तपासत या दारात आलं. इमारतीचं हे उदाहरण अभ्यासासाठी रचलेलं आहे. त्यातल्या तारखा आणि घरांचे आकडे कुठल्या एका संस्थेचे नाहीत. नियम, मापं आणि डासाच्या सवयी मात्र खऱ्या आहेत.

पथक गच्चीवर गेलं तेव्हा तीन टाक्यांना शिड्या होत्या. अग्निशमनाच्या टाकीची शिडी कठड्याला टेकवून आडवी ठेवलेली होती आणि तिचे दोन्ही पाय कापलेले होते. मे महिन्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं, त्या वेळी ठेकेदाराने कोबा सलग टाकता यावा म्हणून शिडी ग्राइंडरने कापली होती. काम संपलं, बिल निघालं, शिडी तशीच राहिली. वॉचमनचं म्हणणं सरळ होतं: "साहेब, त्या टाकीवर कोण चढतंय? ते पाणी वापरात नाहीच."

वापरात नाही, म्हणूनच ती टाकी सगळ्यांत धोक्याची. पिण्याच्या टाकीतलं पाणी दिवसातून एकदा-दोनदा उपसलं जातं. त्यात अळ्या होत नाहीत असं नाही, पण पाणी खेळतं असल्यामुळे अळीला तिथे स्वस्थता कमी मिळते. अग्निशमनाच्या टाकीतलं पाणी महिनोन्महिने जागचं हलत नाही. वर सावली, चहूकडे सिमेंटची खरबरीत भिंत, पाणी बऱ्यापैकी स्वच्छ. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाच्या मादीला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही.

शिडीचा नियम कशासाठी

मुंबईत बांधकामाला परवानगी देताना महापालिका अटींचं जे पत्र देते, ज्याला सगळे आयओडी म्हणतात, त्यात टाक्यांबद्दलची एक अट वर्षानुवर्षं जवळपास त्याच शब्दांत छापून येते. टाकीचं झाकण डास शिरू न देणारं, नीट बसणारं, बिजागरीचं आणि कडी-कुलपाची सोय असलेलं हवं. वॉर्निंग पाइपच्या, म्हणजे टाकी भरल्यावर जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या पाइपच्या, तोंडाला झारीच्या तोंडासारखा घुमटाकार, भोकं पाडलेला तुकडा हवा आणि त्यातलं एकही भोक १.५ मिलिमीटरपेक्षा मोठं नको. टाकीपर्यंत सहज, सुरक्षित आणि कायमची पोहोच हवी. त्यासाठी पक्की बसवलेली लोखंडी शिडी, तिची वरची टोकं टाकीच्या माथ्यापेक्षा ४० सेंटिमीटर उंच आणि खालची टोकं सिमेंट काँक्रीटच्या ठोकळ्यांत.

वाचताना हे कारकुनी वाटतं. पण प्रत्येक मापामागे कोणी तरी वर चढून घसरलेलं आहे असं समजायला हरकत नाही. वरची ४० सेंटिमीटर नसतील तर शेवटच्या पायरीवरून माथ्यावर पाऊल टाकताना हाताला धरायला काही नसतं, आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या माथ्यावर माणूस पहिल्यांदा तिथेच घाबरतो. घाबरला की पुढच्या वेळी खालूनच "बघितलं" म्हणतो. खालचे ठोकळे नसतील तर लोखंड गच्चीवर साचलेल्या पाण्यात उभं राहतं आणि बुंध्यापासून गंजतं. "कायमची" हा शब्दही मुद्दाम आहे. आणून लावायची ॲल्युमिनियमची शिडी तळमजल्यावरच्या मीटररूममध्ये असते, आणि तिची किल्ली सचिवांकडे.

डास आत शिरतो झाकणातून किंवा पाइपातून. पण झाकण उघडं राहिलंय हे कुणाला कळतच नाही, ते शिडी नसल्यामुळे. नियम अमलात येतो की नाही, हे या प्रकरणात दंडाच्या रकमेवर ठरलं नाही, कापलेल्या शिडीवर ठरलं.

ही दृष्टी मुंबईत नवी नाही. १९११ साली डॉ. चार्ल्स बेंटली यांनी शहरातल्या मलेरियाच्या कारणांचा अहवाल दिला तेव्हा बोट विहिरींकडे होतं. विहिरींत वाढणारा मलेरियाचा डास ॲनोफिलीस स्टेफेन्सी पुढे गच्चीवरच्या टाक्यांतही मजेत राहू लागला. विहिरींनाही डास शिरू न देणारं, लोखंडी झाकणीचं आच्छादन घालण्याची अट त्याच अटींच्या पत्रात अजून छापली जाते.

काय सापडलं आणि ते कसं नोंदलं

पथक तासाभराने दुसरी शिडी घेऊन वर चढलं. अग्निशमनाच्या टाकीचं झाकण चौकटीवर तिरकं पडलेलं होतं, एका कोपऱ्यात चार बोटांची फट. आत टॉर्च टाकला की अळ्या वळवळत खाली जातात. म्हणून अनुभवी माणूस झाकण उघडल्यावर आपली सावली पाण्यावर पडू देत नाही, मिनिटभर थांबतो आणि मग पांढरी पळी भिंतीलगत तिरकी बुडवतो. मधल्या पाण्यात पळी मारून "निरंक" लिहिणं ही तपासणीतली सर्वांत नेहमीची चूक आहे. अळ्या कडेला असतात.

पळीत अळ्या आणि कोष दोन्ही आले. आखूड श्वासनळीवर डोकं खाली करून लटकणाऱ्या, म्हणजे एडिस. फ्लशिंगच्या टाकीत वेगळंच दिसलं: पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडून राहिलेल्या, श्वासनळी नसलेल्या अळ्या. हा ॲनोफिलीस. दोन टाक्या, दोन डास, दोन आजार. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरला.

नमुना दोन लहान बाटल्यांत घेतला. एकीत मोठ्या अळ्या मद्यार्कात, ओळख पटवायला. दुसरीत कोष जिवंत, तोंडाला जाळी बांधून, म्हणजे डास बाहेर पडला की जात पक्की ठरते. दोन्हींवर पत्ता, कुठली टाकी, तारीख, वेळ. फोटोत पळी आणि टाकी दोन्ही दिसतील असा कोन. अळ्या संस्थेच्या सचिवांना जागेवरच दाखवल्या आणि पंचनाम्यावर त्यांची सही घेतली. सही घेण्याआधी अळ्या दाखवणं ही पायरी अनेक जण गाळतात, आणि नेमकं तेच प्रकरण कोर्टात लंगडं पडतं. "आमच्या टाकीतलं कशावरून?" या प्रश्नाला खाली ऑफिसात बसून घेतलेल्या सहीने उत्तर मिळत नाही.

नोटीस कुणाच्या नावे

मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३८१ (ब) खाली नोटीस निघाली. या कलमाखाली दंड साधारण २,००० ते १०,००० रुपये असा धरला जातो. नोटीस न पाळल्यास खटला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जातो.

संस्थेने तीन हरकती घेतल्या आणि तिन्ही या कामात रोजच्या ऐकायच्या आहेत. पहिली: कन्व्हेयन्स अजून झालेला नाही, जमीन कागदोपत्री बिल्डरची, नोटीस त्याला द्या. नोटीस मालक किंवा भोगवटादाराला असते, आणि टाकी वापरणारी, तिच्यावर कुलूप लावणारी संस्थाच आहे. दुसरी: शिडी ठेकेदाराने कापली. खरं आहे, पण तो संस्थेचा आणि ठेकेदाराचा आपसातला हिशेब. तिसरी: पलीकडे नव्या बांधकामाच्या तळघरात गुडघाभर पाणी आहे, ते दिसत नाही का? ही हरकत रास्त होती. तळघराची वेगळी तपासणी झाली, वेगळी नोटीस निघाली. संस्थेची टाकी त्याने कोरडी झाली नाही, पण पथकावरचा विश्वास थोडा राहिला. शेजारच्या बांधकामाकडे काणाडोळा करून जुन्या इमारतीला नोटीस देणाऱ्या पथकाला पुढच्या वेळी गच्चीची किल्ली वेळेवर मिळत नाही.

पहिली पूर्तता का फसली

तिसऱ्या दिवशी संस्थेने दोन्ही टाक्या रिकाम्या केल्या आणि पुन्हा भरल्या. सातव्या दिवशी वेल्डर आला, शिडी जागेवर उभी झाली, खाली काँक्रीटचे ठोकळे झाले. झाकण सरळ करून कडी लावली. बाराव्या दिवशी पथक पुन्हा आलं.

फ्लशिंगची टाकी स्वच्छ. अग्निशमनाच्या टाकीत पुन्हा अळ्या.

सचिव वैतागले, आणि वैतागण्यासारखंच होतं. पण फरकाचं कारण डासाच्या अंड्यात होतं. ॲनोफिलीस आपली अंडी एकेक करून पाण्यावर तरंगती सोडतो. टाकी रिकामी केली की ती पाण्याबरोबर जातात, आणि कोरडी पडली की मरतात. एडिस मात्र अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, ओलसर भिंतीला चिकटवतो. ही अंडी कोरड्यात महिनोन्महिने टिकतात आणि पाणी वर चढून त्यांना भिजवलं की फुटतात. टाकी नुसती रिकामी करून पुन्हा काठोकाठ भरली तर भिंतीवरची सगळी अंडी एकाच दिवशी भिजतात. म्हणजे ज्याला संस्था सफाई समजत होती, ती अंडी उबवण्याची सोय होती. जुलैच्या उष्ण हवेत अंडं फुटल्यापासून डास उडेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. म्हणूनच घरोघरी "आठवड्यातून एक दिवस कोरडा" असं सांगतात. पण कोरडा म्हणजे घासून कोरडा, नुसता ओतून नव्हे.

बाराव्या दिवशीच्या अळ्यांवरूनच हे सिद्ध करता आलं. पळीत आलेल्या जवळपास सगळ्या अळ्या एकाच वयाच्या, मोठ्या होत्या. बाहेरून मादी सारखी येऊन अंडी घालत असती, तर लहान-मोठ्या सगळ्या वयांची सरमिसळ दिसली असती. एका वयाच्या अळ्या म्हणजे भिंतीवरची जुनी अंडी एकदम भिजली आणि फुटली. या खुणेवर शंभर टक्के विसंबता येत नाही, कारण एडिसची काही अंडी पहिल्या भिजण्यात फुटत नाहीत, मागे राहतात. तरी झाकणाची फट आणि भिंतीवरची अंडी यांत आधी कशामागे लागायचं, ते यावरून चांगलं ठरतं.

दुसऱ्या पूर्ततेला आधी मात्रा, मग घासणी असा क्रम धरला. अग्निशमनाची टाकी रिकामी ठेवणं म्हणजे तेवढा वेळ इमारत आगीपुढे उघडी ठेवणं. म्हणून काम एका दिवसात, सदस्यांना आधी कळवून करायचं ठरलं आणि तोवर अळ्या रोखण्यासाठी टेमेफॉस घातलं. पिण्याच्या पाण्यातही चालणारी त्याची कमाल मात्रा लिटरला १ मिलिग्रॅम आहे. १०,००० लिटरला १० ग्रॅम मूळ औषध, म्हणजे १ टक्का दाणेदार असेल तर १ किलो. ५० टक्के द्रव असेल तर २० मिलिलिटर. इथे दोन घोटाळे हमखास होतात. एक, दाणेदार आणि द्रव यांची मात्रा एकमेकांच्या जागी लावली जाते आणि डोस पन्नास पटींनी चुकतो. दोन, कोष मरत नाहीत. कोष काही खात नाही, त्यामुळे औषध घातल्यावरही दोन दिवस डास निघत राहतात आणि लोक म्हणतात औषध बनावट आहे. कोष जाळीने काढून घ्यावे लागतात आणि झाकण तेवढे दिवस घट्ट ठेवावं लागतं. डासांवर टाकायचं तेल मात्र अशा कुठल्याही टाकीत नाही. ते गटार आणि डबक्यासाठी. नळाच्या पाण्यात असतो तेवढ्या क्लोरिनने अळी मरत नाही, त्यामुळे "आम्ही ब्लीचिंग पावडर टाकली" हे पूर्ततेचं उत्तर होत नाही.

मग उपसा. आत उतरणारा माणूस एकटा नाही, वर दुसरा उभा, झाकण उघडं ठेवून आतली हवा आधी खेळवलेली. राठ ब्रशने चारही भिंती, आणि जुन्या पाण्याच्या रेषेच्या वरचा हातभर पट्टा दोनदा. घासून निघालेला गाळ गच्चीच्या पन्हळीत ढकलायचा नाही, कारण त्यातली अंडी पुढच्या पावसात तिथेच फुटतील. तो पिशवीत बांधून कचऱ्यात गेला.

हजार भोकांचं गणित

दुसऱ्या फेरीत पथकाने पाइपकडे पाहिलं, आणि इथे प्लंबरची हुशारी उघडी पडली. ५० मिलिमीटर व्यासाच्या वॉर्निंग पाइपला त्याने चपटी पीव्हीसी टोपी लावून तिला ड्रिलने चाळीसेक भोकं पाडली होती. भोकांचा व्यास बरोबर, १.५ मिलिमीटर. कागदावर पास.

पण हिशेब करून पाहा. ५० मिलिमीटर पाइपचं तोंड सुमारे १,९६३ चौरस मिलिमीटरचं. १.५ मिलिमीटरचं एक भोक सुमारे १.७७ चौरस मिलिमीटरचं. पाइपाइतकंच पाणी जाऊ द्यायचं तर सुमारे १,११० भोकं लागतात. चाळीस भोकांनी मिळतं ते चार टक्क्यांहून कमी. फ्लोट व्हॉल्व्ह बिघडून पंप चालू राहिला की पाणी या टोपीतून निघत नाही, माथ्यावरून झाकणाच्या कडेने वाहतं आणि खालच्या मजल्याच्या छताला ओल येते. मग रविवारी कोणी तरी वर जाऊन टोपी काढून टाकतो. पाणी नीट वाहतं, तक्रार थांबते, आणि पाइप डासाला मोकळा होतो. उघड्या पाइपांची बहुतेक प्रकरणं निष्काळजीपणाची नसतात. आधी कोणी तरी चुकीची टोपी लावलेली असते.

अटीत घुमटाकार तुकडा का लिहिलाय ते इथे समजतं. दोन भोकांच्या केंद्रांत ३ मिलिमीटर अंतर ठेवलं तर एका भोकाला ९ चौरस मिलिमीटर जागा लागते. १,११० भोकांना सुमारे १०,००० चौरस मिलिमीटर. ५० मिलिमीटरच्या चपट्या टोपीवर याच अंतराने जेमतेम २१८ भोकं बसतात. ८० मिलिमीटर व्यासाच्या अर्धगोलाचं पृष्ठफळ मात्र १०,०५० चौरस मिलिमीटरच्या आसपास येतं, म्हणजे नेमकं पुरेसं. क्षार साचून काही भोकं बुजणारच, तेव्हा त्याहून मोठा घेतलेला बरा. आणि तो फिरवून काढता येईल असा, हात पोहोचेल अशा जागी. कठड्याबाहेर लोंबणारा घुमट कोणी साफ करणार नाही.

नायलॉनची जाळी सुतळीने बांधणं हा तात्पुरता उपाय म्हणून ठीक. उन्हात ती कुजते आणि पहिल्या वादळात जाते.

झाकण लागलं म्हणजे लागलं का

झाकण सरळ होतं, कडी लागलेली होती, तरी एका बाजूला ५-६ मिलिमीटरची फट होती. कारण पाण्याची पातळी दाखवणाऱ्या सेन्सरची वायर इलेक्ट्रिशियनने झाकणाखालून आत सोडली होती. हा दोष अलीकडे फार दिसतो. वायरसाठी चौकटीच्या बाजूला वेगळं भोक पाडून त्यात रबरी बूच असलेला ग्लँड बसवायचा, हे दहा मिनिटांचं काम आहे. पाणी आत येणाऱ्या पाइपाभोवतीचं मोकळं भोक सिमेंटने बुजवलं. हवेच्या पाइपाला जाळी नव्हती, ती लावली.

तपासायला महागडं काही लागत नाही. वर्तमानपत्राची पट्टी चौकटीवर ठेवून झाकण लावायचं आणि ओढायची. चारही बाजूंना अडकली पाहिजे. जिथे सहज निसटते तिथे १.५ मिलिमीटरची ड्रिल बिट घालून पाहायची, शिरली तर झाकण नापास. मुंबईच्या खाऱ्या हवेत साधं लोखंडी झाकण काही पावसाळ्यांत कडेने फुगतं आणि चौकटीवर टेकत नाही. ओतीव लोखंडाचं टिकतं, पण जड असतं, म्हणूनच त्याला बिजागरी हवी. बिजागरी नसलेलं जड झाकण माणूस पूर्ण उचलत नाही, सरकवतो, आणि परत सरकवताना चार बोटं कमी पडतात. पहिल्या दिवशी सापडलेला तिरका कोन तसाच झालेला होता.

घराघरांतलं आणि आकड्यांतलं

पथकाने २८ सदनिकाही पाहिल्या. पाणी असलेली ६४ भांडी मोजली, त्यात गच्चीवरच्या चार टाक्याही धरल्या. अळ्या पाच ठिकाणी: दोन टाक्या, आणि तीन घरांत एकेक जागा. कुंडीखालची थाळी, मनी प्लांटची बाटली, फ्रिजच्या मागचा ट्रे. हे निर्देशांक एडिसचे असतात, म्हणून ॲनोफिलीसची फ्लशिंगची टाकी सोडून चार भांडी धरायची. म्हणजे घर निर्देशांक, अळ्या सापडलेल्या घरांची टक्केवारी, १०.७; भांडी निर्देशांक, अळ्या सापडलेल्या भांड्यांची टक्केवारी, ६.३; आणि ब्रेट्यू निर्देशांक, म्हणजे १०० घरांमागे अळ्या असलेली भांडी, १४.३.

हे आकडे वरिष्ठांना पाठवायला सोयीचे, पण ते फसवतात. त्यांच्या लेखी मनी प्लांटची बाटली आणि १०,००० लिटरची टाकी सारख्याच, दोन्ही "एक भांडं". बाटलीतून आठवड्याला पाच-दहा डास निघतील, टाकीतून शेकडो. मनुष्यबळ कमी असेल तर कोष मोजून जागांचा क्रम लावावा असं आमचं मत आहे. घरातल्या थाळीवर समज देऊन काम भागतं. दिसेल त्या प्रत्येक बाटलीवर नोटीस काढणारं पथक वर्षअखेरीस मोठा आकडा दाखवतं, पण टाकी राहून जाते.

दंडाचंही तसंच. कमाल १०,००० रुपये २८ घरांत वाटले तर दर घरी ३५७ रुपये. त्याने कुणाचीही झोप उडत नाही. संस्थेला जड गेली ती दुसरी गोष्ट: खटला दाखल झाला तर सचिवांना स्वतः कोर्टात हजर राहावं लागलं असतं. मानद काम करणारा माणूस तारखांना घाबरतो, आणि शिडीच्या वेल्डरला फोन गेला तो त्याच धाकाने. दुसऱ्या पूर्ततेनंतर, विसाव्या दिवशी, चारही टाक्या निरंक निघाल्या आणि नोटीस बंद झाली.

संस्थेने दोन गोष्टी लेखी केल्या. गच्चीच्या दारामागे एक वही, दर सोमवारी चारही टाक्यांची एक ओळ: झाकण, घुमट, हवेचा पाइप, शिडी, आणि चढलेल्या माणसाची सही. आणि गच्चीवरच्या कुठल्याही कामाच्या करारात एक वाक्य: शिडी, झाकण किंवा पाइप काढल्यास तो पूर्ववत बसवून, वर चढून दाखवल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही.

नोव्हेंबरातल्या एका सोमवारी त्या वहीत नोंद आहे: "फ्लशिंगच्या टाकीचा घुमट क्षाराने बुजला, काढून व्हिनेगरमध्ये ठेवला, बुधवारी परत लावला." मधले दोन दिवस पाइपाला नायलॉनची जाळी बांधलेली होती, तेही लिहिलेलं आहे.